सुलतानाचा झगा

केंदूर, मंगळवार, संध्याकाळ

वैताग आलाय नुसता. परवा कॉलेजात सेमिनार, विषय रशियन साम्राज्यातले कझाक सुलतान. मला अक्षरं आबांनी शिकवली, त्यामुळे नातीचं लिखाण आधी त्यांनी ऐकायचं हा घरचा रिवाज. वाचलं. झारने सुलतानांना पदं दिली, मानाचा झगा दिला. त्यांनी मुलं रशियन लष्करी शाळेत घातली. यावर आबांचा एकच प्रश्न, "झगा कसला व्हता?"

जरीचा, आबा! पण मुद्दा तो नाही!

आबा गावचे पुढारी, उद्या पुन्हा पक्ष बदलणार. नव्या आमदारांच्या हातून फेटा बांधून घेणार आणि स्वागताचं भाषण लिहायचं मी. नाही म्हटलं, तर म्हणाले, "आगं, कालव्याचं पाणी त्यांच्या हातात हाय. तुझ्या सुलतानानं तरी काय येगळं केलं?"

"त्यांची कुरणं शेवटी गेलीच, आबा. साम्राज्याने तिथे बाहेरचे शेतकरी वसवले."

 आबांनी हळूच विचारलं, "आन् झगा?"

"झगा राहिला."

आबांनी टोपी काढून हातात धरली. मला वाटलं, आता नको म्हणतील.

"मंग भाषण आखूड लिही," म्हणाले.

म्हणजे लिहायचं आहेच!