चार नंबरच्या गिअरबॉक्सबद्दल तक्रारी

३ मार्च
डेपोच्या तक्रार-वहीत रकाना बोटभर. माझं म्हणणं त्यात मावत नाही. म्हणून ही वही. रोज लिहायचं, थोडक्यात. फापटपसारा नाही.
आजपासून मला चार नंबरची बस. हॉस्पिटलचा स्टाफ आणायचा, सोडायचा. हायब्रिड. इंजिनही आहे आणि बॅटरीवरची मोटरही. एकाच खुर्चीवर दोन साहेब. क्लच नाही, गिअरचा दांडा नाही, गिअर म्हणे आपोआप पडतो. मग ड्रायव्हर कशाला ठेवलाय, हॉर्न वाजवायला?
डेपोत गिअरबॉक्सचं काम बघतो तो आमचाच जावई. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर आहे. ३१ तारखेला पर्मनंट व्हायचंय. झाला की कंपनीची खोली मिळेल. तोवर दोघं माझ्या मागच्या खोलीत. पोरीला सातवा महिना. घरजावई म्हटलं की तिला झोंबतं. मी म्हणत नाही. फक्त लिहितो.

४ मार्च. सकाळी ६.१०
दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना खाड. तिसऱ्यावरून चौथ्यावर खाड-खाड. मागच्या सीटवरच्या सिस्टरबाईंचा थर्मास पुढच्या कंपाउंडरच्या मांडीवर. तो ओरडला. बरोबर आहे त्याचं. मीही ओरडलो असतो.
वहीत तक्रार घातली. या महिन्यातली पहिली. अक्षर चांगलं आलं.

५ मार्च
जेवताना जावयाला विचारलं, काय बिघडलंय तुझ्या गिअरबॉक्समध्ये. म्हणाला, बाबा, नेहमीच्या गिअरबॉक्समध्ये दोन चाकांच्या मध्ये दोन्ही दातेरी, एक पितळी रिंग असते. ती घासून दोघांचा वेग सारखा करते, मग दात दातात बसतात. यात रिंगच नाही. मोटर शाफ्टचा वेग बरोबर जुळवते आणि मग दात आत जातात. चालत्या बसमध्ये चढणारा आधी बसच्या बाजूने पळतो, तसं.
मी म्हटलं, हे मला सांगतोस? जुन्या ट्रकला कुठे होती रिंग. क्लच दाबायचा, न्यूट्रल, अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा, कान द्यायचा, परत क्लच, गिअर आत. बत्तीस वर्षं हेच केलं. एक दात तुटला नाही.
म्हणाला, हो बाबा, तेच काम आता मोटर करते.
म्हटलं, मोटरला कान आहेत का. ही म्हणाली, जेवू द्या त्याला.
ठरवलं. मोटरला आपणच मदत करायची. गिअर पडायची वेळ आली की पाय उचलायचा, एक-दोन मोजायचे, परत द्यायचा. सवयीने थोडं होतंच माझ्याकडून. आता नीट करणार.

७ मार्च
नीट करतोय. खाड वाढलाय. म्हणजे गिअरबॉक्स जास्तच खराब आहे. मदत करूनही सुधारत नाही म्हटल्यावर काय समजायचं.
तक्रारी चार.

९ मार्च
माझी सुट्टी. चार नंबर दोन नंबरवाल्या बाईने चालवली. म्हणे एकदाही खाड नाही. स्टाफने तिला विचारलं, ताई, रोज तुम्हीच का येत नाही.
ती बाई पाय ठेवते तो ठेवतेच. गाडी काय करते इकडे लक्ष नाही. अशा ड्रायव्हरला बिघाड कळणार कसा? कळायला शिक्षण लागतं. तसं मी सातवीपर्यंतच, पण ते वेगळं.

१२ मार्च
आज हद्द झाली. जावई संध्याकाळी लॅपटॉप घेऊन ओट्यावर माझ्या शेजारी बसला. आवाज खाली. बाबा, गाडीत सगळं नोंदलेलं असतं, ड्रायव्हरचा पायसुद्धा. गिअर पडत असताना तुम्ही पाय उचलता, तेव्हा गाडीला वाटतं, यांना पुढचा गिअर नकोच आहे. ती अर्ध्यातून मागे फिरते. तेवढ्यात तुम्ही परत पाय देता. मोटर धड इकडची ना तिकडची, आणि दात आपटतात. पाय नुसता तसाच ठेवाल का?
मी म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून मी घाटात ट्रक चालवतोय.
म्हणाला, माहीत आहे बाबा.
म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं. गिअरबॉक्स तुला जमेना आणि माझा पाय वाकडा.
पोरगी दारातून बघत होती. आत निघून गेली. लॅपटॉप मिटला त्याने.
संकल्प: आता तक्रारीत हयगय नाही.

१३ मार्च
तक्रारी नऊ. हात बसलाय लिहायचा.

१५ मार्च
जावई म्हणाला, बाबा, वहीत घालण्याआधी घरी मला सांगाल का? पंधरापेक्षा जास्त तक्रारी झाल्या तर माझ्या पर्मनंटचं अवघड आहे.
म्हणजे वशिला. तोही घरात. डेपोत गेल्या गेल्या वहीत लिहिलं, टेक्निशियन तक्रार न करण्याबद्दल बोलतो. जावई असला म्हणून काय, माणूस घडवायचा तर घण घालावाच लागतो.
रात्री हिने वाढलं. आमटीत मीठ नव्हतं. मुद्दाम असणार.

२० मार्च
तक्रारी सतरा. डेपोचे साहेब स्वतः बसमध्ये बसले, शेजारच्या सीटवर जावई, मांडीवर लॅपटॉप. चढणीला नेली. मी सगळी विद्या लावली. पाय उचलून मोजून दिला, अगदी चोख. चार वेळा खाड, एकदा तर साहेबांचं डोकं काचेला लागलं. बघा, म्हटलं.
साहेब कपाळ चोळत जावयाला म्हणाले, तुझ्या लॅपटॉपमध्ये काही सापडतंय का, का नुसताच धरून बसलायस?
जावयाने माझ्याकडे पाहिलं. मग खाली. लॅपटॉप उघडलासुद्धा नाही. म्हणाला, शोधतोय साहेब.
नजर वर होईना. चोराला असंच होतं.
खाली उतरल्यावर साहेब मला म्हणाले, तुमचं वय एकसष्ट, दर वर्षी करार नवा करतो तो उगाच नाही. तुमच्या नावावर एक डाग नाही. मी मान डोलावली. खरं ते खरं.

२१ मार्च
हिला सगळं सांगितलं. ही म्हणाली, त्याने लॅपटॉप का नाही उघडला, विचार केलात का? म्हटलं, उघडला तर स्वतःचंच पितळ उघडं पडलं असतं. हिने दिवा मालवला. मग म्हणाली, झोपा.

३१ मार्च
जावयाला काढला. वहीत एका गाडीवर तेवीस तक्रारी, साहेब तरी काय करणार. मी स्वतः जाऊन सांगितलं त्याला, मनाला लावून घेऊ नको, यातून माणूस शिकतो. म्हणाला, हो बाबा.
शेवटच्या दिवशीही संध्याकाळपर्यंत चार नंबरमध्ये लॅपटॉप लावून बसला होता. आता अभ्यास करून काय उपयोग.

२ एप्रिल
दोघं गेली. पोरीच्या नणंदेकडे. दोन खोल्यांत आता सात माणसं. पोरीला म्हटलं, इथे काय कमी होतं. तिने पिशवी खाली ठेवली. वाकून नमस्कार केला, तोही पोटामुळे अर्धाच. जावयाने पूर्ण केला.
मागची खोली मोकळी झाली. जुने टायर ठेवता येतील.

३ एप्रिल. सकाळी ६.३०
दोन दिवसांच्या रजेनंतर आज गाडीवर. आश्चर्य. चार नंबर लोण्यासारखी. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर कधी गेली कळलंही नाही. मी पाय उचलतोय, मोजतोय, देतोय, आणि गिअर सुळकन आत. कंपाउंडर म्हणाला, काका, आज काय केलंत. म्हटलं, शिकवली तिला. महिना लागला, पण शिकली.

५ एप्रिल
डेपोत सगळ्यांना सांगितलं. त्या बाईला दोनदा. लॅपटॉप गेला आणि गाडी सुधारली, यावरून काय ते समजा, म्हटलं. बाई म्हणाली, समजलं हो काका, सगळ्यांनाच समजलंय. चला, मानलं एकदाचं.

९ एप्रिल
नवीन टेक्निशियन आला. सगळ्यांसमोर चार नंबरची फाइल उघडली. विचारतो, ही सेटिंग कोणी टाकलीय? म्हटलं, कसली. म्हणाला, गिअर पडायला लागला की आत बसेपर्यंत गाडीने ड्रायव्हरच्या पायाकडे बघायचंच नाही. ३१ मार्चची नोंद आहे. खाली कारण लिहिलंय, चालकाची जुनी सवय, बदलणार नाही.
मग मार्चच्या रेघा उघडल्या पडद्यावर. जिथे खाड, तिथे पाय. प्रत्येक फेरीला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं.
म्हटलं, कॉम्प्युटर काय वाटेल ते दाखवतो. टेक्निशियन म्हणाला, काढून टाकू का सेटिंग? आत्ताच बघू.
राहू दे म्हणालो. स्टाफला त्रास नको.

१० एप्रिल
यार्डात कोणी नसताना करून बघितलं. गिअर पडताना पाय उचलला, दाबला, नाचवला. गाडीला काही नाही. मी नसतो तरी चाललं असतं तिला.
गुडघा दुखतोय.

१२ एप्रिल
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुमच्या नोकरीला धक्का लावत नाही, बस चालतेय ना, पुरे. पण एक काम करा. तुमच्या जावयाने एका मोठ्या वर्कशॉपमध्ये अर्ज केलाय. तिकडून फोन आला, तेवीस तक्रारींवर काढलेला माणूस कसा घेऊ म्हणतात. तुम्ही वहीत एक ओळ लिहा, चूक गिअरबॉक्सची नव्हती, चालवण्यात होती, आणि सही करा. मी त्यांना पाठवतो. एवढं झालं तर तो लागला म्हणून समजा. आठवडा थांबतील ते.
म्हटलं, लिहितो की. त्यात काय. आपलाच जावई.
उद्या पहिलं काम हेच.

१३ एप्रिल
वहीपाशी गर्दी होती. बाई उभी. तिच्यासमोर नको.

१४ एप्रिल
कोणी नव्हतं. पेन घेतलं. ‘चूक’पर्यंत लिहिलं. पुढे कोणाची ते थेट लिहायचं की जरा फिरवून, यात फेरीची वेळ झाली. ‘चूक’ खोडलं. वहीत खाडाखोड दिसायला नको म्हणून पुढे लिहिलं, गाडी ठीक आहे.

१५ एप्रिल
ही बॅग भरून पोरीकडे निघाली, बाळंतपण जवळ आलंय. विचारलं, ते लिहिलंत का? म्हटलं, लिहितोय, मजकूर चांगला जमायला हवा. ही म्हणाली, तेवीस वेळा जमला होता.
मी येऊ का विचारलं. म्हणाली, ती ओळ घेऊन या.

१७ एप्रिल
घरी कच्चं लिहून बघितलं. चालवण्यात थोडी, गिअरबॉक्समध्ये थोडी, असं. रास्त वाटतं. निम्मी-निम्मी. मग वाटलं, निम्मीने त्याचं काम होणार नाही. फाडलं.
उद्या सरळ लिहायचं. पक्कं. मी एकदा ठरवलं की ठरवलं.

१८ एप्रिल
पाऊण तास वहीसमोर. नवा टेक्निशियन चहा घेऊन आला, म्हणाला, काका, आज काय तक्रार? उठलो.

१९ एप्रिल. सकाळी ७.००
आठवडा आज भरतो. लवकर आलो, वही काढली, पेन नवं. साहेबांना म्हटलं, आता लिहून देतो, पाठवा. साहेब म्हणाले, राहू दे, काल संध्याकाळीच त्यांनी दुसरा माणूस घेतला.
काल कसा घेतला? आठवडा आज भरत होता. लोकांना दिलेल्या शब्दाची किंमत नाही. मी आज लिहिणारच होतो.