आमच्या आडनावाची पहिली बाई

आबा, पोरीचं नाव शाळेत टाकलं. सहावं लागलं तिला. तुमी जाऊन पाच वर्षं झाली, आन् हे सांगावं असं दुसरं कोणी न्हाई म्हून तिच्याच कोऱ्या वहीत लिहून राहिले. चौथीपर्यंतच शिकले, अक्षर वाकडंतिकडं यील.

मला ती दुपार दिसून राहिली. मी सात-आठ वर्षांची. औंढ्याच्या रस्त्याला, आपल्या फाट्यावरच्या लिंबाखाली तुमी रांजण पुरून राहिलात. अर्धा मातीत, अर्धा वर, भवतीनं ओलं पोतं. दरसाल पाडव्याला आपल्याच घरानं ठेवायचा, नागनाथाला पायी जाणाऱ्यांसाठी. मी इचारते, आबा, आपल्याला रांजणे काहून म्हणतात? तुमी हात मातीत तसेच ठेवून सांगता. लई जुनी गोष्ट. एक बाई आली, कडेवर लेकरू. कुठली, कोणाची, तिनं सांगितलं न्हाई, लोकांनीबी लई खोदून इचारलं न्हाई. ह्याच जागी बसली, इहिरीचं पाणी वाहून रांजण भरू लागली. पिणारे म्हणायचे, रांजणवालीचं लेकरू. त्याचंच पुढं रांजणे झालं. मी इचारते, आन् तिचा नवरा? तुमी म्हणता, "असंल कुठंतरी. नाव तर तिच्यापासून हाय." तवापासून ती बाई मला दिसते. तोंड दिसत न्हाई. नुसते ओले पाय, फुफाट्यातून चालून राहिलेले.

लगीन झालं. दुसऱ्या साली मार खाऊन माघारी आले, पोटुशी व्हते. चैताचे दिवस. सकाळी कोणी उठायच्या आत घागर घेतली आन् रांजण भरला. सासरी गेलेल्या लेकीनं त्यात पाणी वतायचं न्हाई, ती दुसऱ्या नावाची झाली, हे मला ठाऊक व्हतं. तरी भरला. भरताना अंगातली सगळी कळ निवल्यावानी झाली. तुमी आलात, रागं भरला न्हाई. तांब्यानं उपसून उपसून सगळं पाणी लिंबाच्या बुडाला वतलं. मग म्हणलात, "तू आता त्या घरची. आपल्या घरी जा, बाई." त्याच दिवशी कळमनुरीच्या गाडीत बसवून मला सासरी सोडून आलात.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात पोरीला घेऊन आले, तुमी गेल्यावर कायमचीच राहिले. दादानं ठेवून घेतलं. पण नवरा निरोप धाडतो, पोरगी माझ्या नावाची हाय, कवाबी उचलून नेईन. रस्त्यानं फटफटी वाजली की मी पोरीला आत घेते. शाळेच्या कागदावर त्याचं आडनाव लिवायला माझा हात उठंना. मास्तर म्हणले, मामाची सही आणा, मग तुमचं माहेरचं लावतो.

दादा कागद धरून ओट्यावर बसला. वहिनी चुलीपासून म्हणली, "लेकीच्या लेकीला देता, तर आता मांजरालाबी द्या आडनाव." दादा हसला न्हाई. मला म्हणला, "आबांनी हो म्हणलं असतं का? खरं सांग."

मी म्हणलं, "आबाच म्हणले. शेवटच्या दिवशी. पोरीला आपलं नाव लाव म्हणले."

त्यानं कागद मांडीवर ठेवला. मग गमज्यानं डोळे पुसले. "मला काहून न्हाई सांगितलं त्यांनी," एवढंच म्हणला, आन् सही केली.

आता पोरगी पाटीवर नाव गिरवून राहिली. माझं भ्या सरलं असं न्हाई. फटफटीचं वाटतं, आन् आता दादाच्या तोंडाकडं बघायचंबी वाटतं. ही पानं त्याच्या हाती लागायच्या आत चुलीत घालीन.

तुमी तसं काही बोलला न्हवता, आबा. त्या दिवशी मी तुमचे पाय दाबत व्हते. तुमी एकदाच डोळे उघडले आन् इचारलं, "पोरगी निजली का?" मी व्हय म्हणलं. तेवढंच.