डेलाची पहिली शिकार

कोल्टर क्रीक, मिझुरी
२ एप्रिल १९७४

चि. नॅडीन हीस,
ऑरिनदादाचे अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत. तू जोड्यांच्या कारखान्यात दिवसभर राबतेस हे ठाऊक आहे, पण भावाला चार ओळी लिहायला फुरसत मिळत नाही हे मी मान्य करणार नाही.

तुझी लेक ठणठणीत आहे. गोवरातून उठून इथे आली तेव्हा नुसती काडी होती. आता मामीच्या हातचा मक्याचा पाव आणि घेवडा खाऊन गाल वर आलेत. पाठवताना तू म्हणालीस, डेला बुजरी आहे. कुठली बुजरी! माझ्या कुत्र्याला, माझ्या बायकोला आणि मला, तिघांनाही ती कामाला लावते.

आता मुद्द्याचं. बावीस तारखेला टर्की पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. पोरीला पहिल्या दिवशी बरोबर न्यावं म्हणतो. सात वर्षांची झाली, आणखी किती मोठी व्हायला हवी? बंदुकीला हात लावू देणार नाही. ओकच्या बुंध्याला पाठ लावून मी बसायचं, माझ्या दोन गुडघ्यांमध्ये तिने. तिचं काम फक्त बघण्याचं. तिची नजर माझ्यापेक्षा पक्की आहे. लुएला चष्म्यासाठी माझ्या मागे लागली आहे, पण शिकाऱ्याने चष्मा लावायचा तर मग स्वेटरच विणत बसावं.

यंदा पक्षी फार कमी आहेत. गेल्या वसंतातल्या थंड पावसाने पिल्लं मेली असं एझराकाका म्हणतात. काका पोरीपेक्षा जास्त उतावीळ झालेत. रोज येऊन तिला विचारतात, न हलता बसायचा सराव केलास का? नराची हाक कानावर पडल्याशिवाय पहिली शिकार ही शिकारच नव्हे, असं त्यांचं मत. तू हो म्हण म्हणजे झालं.

लुएलाचा तुला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
ऑरिनदादा

सेंट लुईस
७ एप्रिल १९७४

ती. दादास,
नॅडीनचा सा. न. वि. वि. पत्र पावलं. तू परवानगी मागतोयस की झालेलं कळवतोयस ते समजेना. डेलाचं पत्र तुझ्या आधी आलं. त्यात टर्कीचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय की मामाने नेईन म्हणून वचन दिलं आहे.

मला भीती वाटते हे आधी सांगते. तिचा बाप निघून गेल्यापासून माझ्याकडे तेवढी एकच आहे. पण नाही म्हटलं तर ती तुमच्या घरी तोंड फुगवून बसेल, आणि तूही. बाबांनी आणि एझराकाकांनी मला नेलं होतं ते आठवतं? सकाळभर गारठून बसलो, एक पक्षी ओरडला नाही, आणि मी घरी येईपर्यंत रडत होते. काकांनी खांद्यावर घेऊन आणलं मला. बाबा गेल्यावर आपल्याला बापासारखे तेच राहिले. काकांचं ऐकत जा, म्हणजे मला घोर नाही.

डेलाचा तांबडा स्वेटर घरीच ठेव. नराचं डोकं तांबडं असतं हे तुला मी शिकवायला नको, पण लुएलावहिनीला आठवण करून दे. पोरीच्या अंगावर गरम कपडे भरपूर असू देत. आणि दादा, चष्मा घे. स्वेटर विणता आला तर चांगलंच आहे.

वहिनींना नमस्कार, डेलाला पापा. राग नसावा, असला तर पत्रातून काढावा.

तुझी,
नॅडीन

कोल्टर क्रीक
२३ एप्रिल १९७४

प्रिय नॅडीनवन्सं,
लुएलाचा नमस्कार. काल दुकानातून फोन केला तेव्हा मला धड बोलता आलं नाही आणि तुम्हाला धड ऐकू आलं नाही. पाद्रीसाहेब डेलाला मोटारीने तुमच्याकडे आणताहेत, त्यांच्या हातीच हे पत्र देते. डेलाला काही लागलेलं नाही. तिला इथे ठेवणं मला बरं वाटलं नाही. उद्या एझराकाकांना पुरायचं आहे.

झालं ते असं. दोघं अंधार असतानाच माथ्यावरच्या ओकखाली जाऊन बसले. बराच वेळ काही नाही. मग खालच्या घळीतून नराची हाक आली. यांनी मादीचा आवाज काढला, त्याला उत्तर आलं. पुन्हा आलं, जवळून. मग समोरच्या झुडपात काही तांबडं हललं आणि यांनी बार काढला. ते एझराकाका होते. त्यांच्या हातात तांबडा रुमाल होता. छर्रा मानेत लागला. हे धावत पोचले तोवर काकांचे डोळे उघडे होते, पण बोलले नाहीत. यांनी डेलाला झाडापाशीच थांब म्हणून ओरडून सांगितलं होतं, तरी ती मागून आली.

शेरीफ येऊन गेले. अपघात म्हणून लिहून घेतलं आहे. हे कालपासून गोठ्यात बसून आहेत. जेवत नाहीत, माझ्याशी बोलत नाहीत. काका गेल्यावर हेस्टरकाकूंच्या दारात जायची माझी हिंमत झाली नाही, शेवटी त्याच आमच्याकडे आल्या. मला काय लिहावं सुचत नाही, वन्सं. पोरीला जवळ घ्या.

तुमची,
लुएला

सेंट लुईस
२ मे १९७४

ती. दादास,
सा. न. वि. वि. काकांच्या मातीला मला येता आलं नाही, हे मनातून जात नाही. पोरीला सोडून निघता येईना. काकांसाठी मी इथे स्वयंपाकघरात एकटी रडले, तेवढंच.

तू कसा आहेस हे विचारायचं धाडस होत नाही, तरी विचारते. जेवतोस का? वहिनींशी बोलतोस का? तुझ्यावर माझा राग आहे, पण तो मी मागे ठेवला आहे. आधी डेलाचं बघायला हवं.

ती खात नाही. शाळेत जाते, बाईंनी विचारलं तर मान हलवते. काल न्हाऊ घालताना तिने सांगितलं. म्हणाली, मामाला दिसत नव्हतं, तो सारखा विचारत होता कुठे आहे, कुठे आहे. मला तांबडं दिसलं. मी म्हटलं, मामा, ते बघ त्याचं डोकं. मग मामाने मारलं. आणि मग तिने मला विचारलं, एझराआजोबांना मी मारलं का?

मी नाही म्हटलं. पण तिथे मी नव्हते, हे तिला ठाऊक आहे. माझं नाही म्हणणं तिला पुरत नाही. दादा, काय घडलं ते तू लिही. मी तिला वाचून दाखवीन.

तुझी,
नॅडीन

कोल्टर क्रीक
८ मे १९७४

चि. नॅडीन,
आशीर्वाद. डेला काही बोलली नव्हती. ती पेंगत होती. तांबडं मी पाहिलं आणि बार मी काढला. शेरीफला मी हेच सांगितलं, चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून हेच सांगितलं, हेस्टरकाकूंनाही हेच. मुलं भलतंच काही मनात घेतात. तिला सांग, मामा म्हणतो तू एक शब्द बोलली नव्हतीस. आणि हा विषय पुन्हा काढू नकोस.

माझा परवाना काढून घेतला आहे. तो त्यांनी नसता घेतला तरी बंदूक मी ओढ्यात टाकली असती. टाकलीच आहे.

ऑरिन

सेंट लुईस
१४ मे १९७४

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं आणि फार मोठी चूक केली.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी बोलले होते. मामाला माहीत आहे मी बोलले होते, त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शाब्बास म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाली, मी केलं ते इतकं वाईट आहे की मामालासुद्धा ते सांगता येत नाही.

तुला तिला वाचवायचं होतं हे मला कळतं. मीही कदाचित हेच केलं असतं. पण तू तिला खोटी पाडलीस, दादा. सगळ्या जगात ती सकाळ पाहिलेली माणसं आता दोनच उरली आहेत, आणि त्यातला मोठा म्हणतो तसं घडलंच नाही. मग ती कोणाला विचारणार? परवापासून मी हाक मारली तरी ती ओ देत नाही. विचारलं, तर म्हणते की बोललं की काहीतरी होतं.

तू मोठा आहेस. लहानपणापासून तुझ्याशी मी अशी भाषा वापरली नाही, आज वापरते. तुझी लाज झाक, पण तिच्या अंगावर पांघरूण घालून नको. जे झालं ते लिही.

नॅडीन

कोल्टर क्रीक
२१ मे १९७४

चि. नॅडीन,
अनेक आशीर्वाद. तू लिहिलंस ते बरोबर आहे. लुएलाने तुझं पत्र वाचलं आणि कधी नव्हे ती माझ्यावर ओरडली. खालचं डेलाला वाचून दाखव.

डेला बाळा, तू बोलली होतीस. ते बघ त्याचं डोकं, असं म्हणाली होतीस, आणि मी शाब्बास म्हटलं होतं. मी पत्रात खोटं लिहिलं, चुकलो. तुझं काम बघण्याचं आणि दिसेल ते सांगण्याचं होतं. तुला तांबडं दिसलं, तिथे तांबडं होतं, तू खरं सांगितलंस. बंदूक माझ्या हातात होती. नुसतं डोकं दिसलं म्हणून बार काढायचा नसतो. नराच्या छातीवर केसांचा झुपका लोंबतो, तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय बोट हलवायचं नाही. हे मला एझराआजोबांनीच शिकवलं होतं, तुझ्याएवढा होतो तेव्हा. मला झुपका दिसला नव्हता, डोकंही दिसलं नव्हतं. मला चष्मा हवा होता आणि मी घेतला नाही. तुला तुझा पहिला पक्षी मिळावा म्हणून मी घाई केली. आजोबांना मी मारलं. तू नाही. हे मी आता शेरीफलाही जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. तू खरं बोलणारी मुलगी आहेस, बोलत राहा.

नॅडीन, इथून पुढचं फक्त तुझ्यासाठी.

काका त्या सकाळी घळीत काय करत होते, हे कोडं मला सुटत नव्हतं. तो डोंगर त्यांनी आम्हा दोघांसाठी मोकळा सोडला होता. परवा हेस्टरकाकूंकडे लाकडं फोडायला गेलो होतो. आता रोज जातो, त्या नको म्हणत नाहीत. त्यांनी सांगितलं. यंदा पक्षी नाहीत, पोरगी नॅडीनसारखी रडत घरी येईल, असं काका आदल्या दिवसापासून म्हणत होते. म्हणून उजाडायच्या आधी ते घळीत जाऊन बसले आणि नराची हाक त्यांनी स्वतः दिली. जरा जवळ येत दोन-चारदा हाक द्यायची आणि मागच्या वाटेने परत यायचं, एवढंच ठरवून गेले होते. ऑरिनला माझा आवाज ओळखू येईल, तो मनात हसेल, असं काकूंना म्हणाले होते. वसंतभर त्यांना खोकला होता. झुडपाआडून परत वळताना उबळ आली असेल, आवाज होऊ नये म्हणून तोंडाशी रुमाल धरला असेल.

मला नाही ओळखू आला, नॅडीन. इतकी वर्षं त्यांच्या त्या हाकेची मी टिंगल केली, आणि त्या दिवशी ती इतकी खरी होती की मी फसलो.

हे डेलाला कळता कामा नये. आपण बोललो म्हणून झालं, या तिच्या समजातून कदाचित ती बाहेर येईल. पण आजोबा आपल्यासाठीच तिथे आले होते, हे तिला कळलं तर काय होईल? काकूंनाही मी विनवलं आहे. काका शिकारीला आले होते, एवढंच सगळ्यांनी म्हणायचं. एक खोटं मागे घेऊन दुसरं मागतोय, पण हे तू देच.

तुझा,
ऑरिनदादा

सेंट लुईस
२८ मे १९७४

ती. दादास,
नॅडीनचा सा. न. वि. वि. पत्र पावलं. तिच्यासाठीचा भाग मी सावकाश वाचला. तिने तो पुन्हा वाचायला लावला. मग पत्र माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. पुढची पानं मी आधीच काढून ठेवली होती. मामा खोटं बोलला हे त्याने स्वतः लिहिलं, याचं तिला फार बरं वाटलं. मामाला चष्मा घ्यायला सांग, म्हणाली. त्या दिवशी ती पोटभर जेवली, अंड्यासाठी भांडली, आणि मी मोरीत जाऊन रडले. एवढं तू मला परत दिलंस, दादा. याबद्दल तुझ्यावरचा उरलेला राग मी सोडला.

पुढचं मी अजून धड वाचू शकत नाही. माझं रडणं काकांनी इतकी वर्षं लक्षात ठेवलं. मला तर ते तुला पत्र लिहिताना आठवलं. तू मागितलेला शब्द मी तुला दिला आहे असं समज. मनापासून दिला.

पण काल शाळेत जायच्या आधी मी तिची वेणी घालत होते. तिने विचारलं, एझराआजोबा तिथे कशाला आले होते? मी म्हटलं, शिकारीला. आवाज अगदी साधा ठेवला.  मग म्हणाली, पण त्यांच्याजवळ बंदूक नव्हती.

 मी वेणी सोडली आणि पहिल्यापासून पुन्हा घातली. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. शाळेला जाताना दारात उभं राहून माझ्याकडे बघत होती. आज विचारेल, नाहीतर पुढच्या वर्षी. तेव्हा मी काय सांगू, ते लिही.

वहिनींना आणि हेस्टरकाकूंना नमस्कार. आम्हा दोघींना अंतर देऊ नकोस.

तुझी,
नॅडीन