ऋतिकाचं लायसन आणि भिंतीवरची देवी

४ जानेवारी, सकाळी

डायरी लिहिणारी माणसं कमजोर असतात हे माझं ठाम मत आहे. मी लिहितोय ते फक्त पुरावा म्हणून. पुढे कोणी म्हणायला नको की गुणवंतने काही केलं नाही.

या वर्षी राग आवरायचा. कॉलेजबद्दल कोणी विचारलं तर शांतपणे सांगायचं की मी कॉलेज सोडलंय, कॉलेजने मला नाही. तो माईक मी फेकला नव्हता, हातातून सुटला होता. सरांच्या दिशेने सुटला याला माझा इलाज नाही.

आता मुख्य गोष्ट. ऋतिका. धाकूकाकाचा हाटकेशला गाळा आहे. खाली काकाचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं काम, वरच्या मजल्यावर ऋतिकाचा इटालियन कुकिंग क्लास. ती बेव्हर्ली पार्कहून स्कूटीवर येते. मी तिचा ऑपरेशन्स मॅनेजर आहे. ती तसं म्हणत नाही, ती म्हणते गुणवंत, सिलिंडर संपलाय. पण अर्थ तोच.

आज पेपरात आलं की सरकार नवा नियम आणतंय. कुकिंग क्लास आणि समाज हॉल यांना छोटं लायसन मिळणार, जेवणासोबत वाइन-बिअर देता येणार. ऋतिका सध्या रिसोटो नावाच्या इटालियन पदार्थात व्हाइट वाइनऐवजी द्राक्षाचा रस आणि व्हिनेगर घालते. क्लासच्या बायका हसतात. एक जण तर म्हणाली, मॅडम, हे आमच्याकडे उपासाला चालेल. ऋतिकाचा चेहरा उतरला. बातमी वाचून म्हणाली, आपल्याला मिळालं तर क्लास कुठल्या कुठे जाईल रे. 'आपल्याला' म्हणाली. बघतसुद्धा माझ्याकडे होती. माझ्या मागे पंखा होता, पण पंख्याकडे असं कोण बघतं.

ठरलं. लायसन मी काढणार. चौदा फेब्रुवारीला तिच्या हातात देणार. पुढचं बोलायची गरजच पडणार नाही.

८ जानेवारी

ठाण्याला लायसनच्या ऑफिसात जाऊन आलो. राग आवरला. जवळजवळ.

टेबलावरच्या माणसाने विचारलं, तुम्ही कोण? म्हटलं मॅनेजर. तो म्हणाला, वय काय? म्हटलं त्याचा काय संबंध. तो म्हणाला, आवाज खाली. मी खालीच होतो, त्याचे कान वर होते. शेवटी शेजारच्या बाईंनी सांगितलं, अरे बाळा, नियम अजून मसुदा आहे, लोकांच्या हरकती मागवल्यात. तोवर कागद जमव. मालकाची संमती, स्वच्छ दर्शनी भाग, आणि जवळपास शाळा-देऊळ नको.

सोपं आहे. हाटकेशच्या आमच्या गल्लीत गाळ्यांशिवाय काही नाही. देवालासुद्धा तिथे कोणी जागा देणार नाही.

'बाळा' हा शब्द मी विसरणार नाही.

११ जानेवारी

काकाची संमती मिळवली. सोपं नव्हतं. काका म्हणाला, कालेज सोरलंस नि आता दारू शिकवतंस काय? मी समजावलं की ही दारू नाही, वाइन आहे, जेवणात घालतात. काका म्हणाला, आपल्या हलदीत आख्खा गाव पितो, आजवर कुनी लायसन इचारला न्हाय. दारू प्याला सरकारचा कागद लागतो हे मला म्हाईत न्हाय. मग बराच वेळ मिठागरांच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी सही केली, पण म्हणाला, पोरीसाठी करतंस ते मला दिसतंय हां. माझे डोले गेले न्हाय अजून.

माणूस जुना आहे. भावना समजत नाहीत.

१३ जानेवारी

दर्शनी भागाचा प्रॉब्लेम. गाळ्याची बाहेरची भिंत म्हणजे रिक्षा स्टँडचं मुतारीघर झालंय. क्लासच्या बायका नाकाला ओढणी लावून जिना चढतात. ऋतिका मान खाली घालून चढते.

मी स्टँडवर जाऊन सगळ्यांना एकदाच सांगितलं. शब्द थोडे कडक गेले. स्टँडचा प्रमुख रामनाथ म्हणाला, भाई, दीवार आपके चाचा की है, पर जाएँ तो जाएँ कहाँ? म्हटलं घरी जा. तो म्हणाला, घर तो नालासोपारा है. सगळे हसले. मग थोडी धक्काबुक्की झाली. शर्टाचं बटण त्यांच्याकडेच राहिलं. मागायला गेलो नाही.

१७ जानेवारी

मला जे सुचलं ते कोणाला सुचलं नसतं. देवीचा फोटो असलेली टाइल आणली आणि भिंतीच्या बरोबर मधोमध सिमेंटने बसवली.

संध्याकाळी रामनाथ सवयीने आला, उभा राहिला, वर बघितलं. चेन अर्धी उघडी. हात आपोआप जोडले गेले. मग मागे मागे चालत गेला.

शिक्षण म्हणजे कॉलेज नव्हे. हे वाक्य कुठेतरी वापरायला हवं.

२० जानेवारी

भिंत कोरडी. टाइलला कोणीतरी झेंडूचा हार घातलाय. लोक सुधारतायत.

ऋतिकाने विचारलं, कोणी केलं हे? मी नुसता हसलो. मोठी कामं करणारे बोलून दाखवत नाहीत.

२४ जानेवारी

आज ती जिना चढायच्या आधी टाइलसमोर थांबली. चप्पल काढली, डोळे मिटले, ओठ हलले. पुष्कळ वेळ. मी वर खिडकीत होतो. काय मागितलं असेल हे कळायला फार डोकं लागत नाही. एखादी मुलगी ज्या गाळ्यात रोज एका विशिष्ट मुलाला भेटते त्याच गाळ्याच्या भिंतीपाशी रोज डोळे मिटते.

रोज म्हणजे आज पहिल्यांदा. पण उद्यापासून रोज.

३० जानेवारी

खरंच रोज थांबते.

स्टँडवाल्यांनी टाइलखाली कडाप्पा बसवलाय, वर पत्रा टाकलाय. म्हणजे ऋतिका उन्हात उभी राहू नये. घंटा नव्हती, ती मी दिली. आई म्हणाली, देवघरातली घंटा कुठे गेली रे? म्हटलं, मोठ्या कामाला लागली. आई म्हणाली, तू पण एखाद्या कामाला लागशील तर बरं. आईला माझ्या हालचालींची पूर्ण कल्पना देता येत नाही.

एक नवा माणूस येतो. मितेश. पूनम सागरचा. चीज सप्लाय करतो आणि त्यांच्या सोसायटीच्या समाज हॉलचा सेक्रेटरी आहे. मला गुणवंतभाई म्हणतो. म्हणाला, गुणवंतभाई, ऋतिकाचं तुमच्याशिवाय पान हलत नाही. माणूस बरा वाटला. ऋतिका त्याच्या विनोदांवर फार हसते. चीज उधारीवर हवं असेल तर हसावं लागतं.

५ फेब्रुवारी

रामनाथ आला. म्हणाला, भाई, मंदिर का नाम लिखना है, आपका अक्षर अच्छा है. ज्यांच्याशी परवा मारामारी झाली ते आज माझ्याकडे येतायत, याला म्हणतात व्यक्तिमत्त्व. दोन संध्याकाळ बसून बोर्ड रंगवला. 'श्री जागृत देवी मंदिर'. रिकामं रिकामं वाटत होतं, म्हणून पुढे 'प्राचीन' टाकलं. भारदस्त दिसतं. ऋतिका म्हणाली, वा, प्राचीन! आणि हसली. फक्त माझ्यासाठी हसली, मितेश त्या वेळी फोनवर होता.

लायसनचे सगळे कागद देऊन आलो. नियम पक्का व्हायच्या आधीच साहेब जागा बघून जाणार आहेत. हरकतींची मुदत कधी संपते ते विचारायचं राहिलं. मला कशाला हरकत असणार.

१२ फेब्रुवारी

लिहावं की नाही. लिहितो. पुरावा म्हणून.

साहेब आले. गाळ्यापाशी उतरले आणि पहिलं काम काय केलं, तर बूट काढले. देवीला नमस्कार केला. घंटा वाजवली. आमची घंटा. मग बूट घातले आणि म्हणाले, देवळाच्या भिंतीला लागून? नाही जमणार.

मी म्हटलं, साहेब, हे देऊळ नाही. ते म्हणाले, मग काय आहे? म्हटलं, टाइल आहे. लोक मुतायचे म्हणून मी लावली. गेल्या महिन्यात. मागचं सिमेंट बघा अजून नवं आहे. साहेबांनी बोट वर केलं आणि बोर्ड वाचून दाखवला. मोठ्याने. सावकाश. 'प्राचीन' या शब्दावर थांबले.

म्हटलं, तो पण मीच रंगवलाय.

हे बोलायला नको होतं. आरतीची वेळ होती, गर्दी होती. रामनाथ म्हणाला, क्या बोला? माताजी को टाइल बोला? मी म्हटलं, टाइलला टाइल नाही तर काय म्हणू. त्यानंतर काय झालं ते नीट आठवत नाही, कारण मी खाली होतो. काकाने खोक्यांच्या ढिगाऱ्यावरून उडी मारून मला बाहेर काढलं. या वयात. मग सगळ्यांसमोर माझ्याकडून नाक घासून घेतलं. शिक्षा ठरली: रोज सकाळी देवळासमोरची जागा मी धुवायची. काका म्हणाला, ज्यानं देव बसवला त्यानंच धुवायचा, बरोबर हाय.

ऋतिका जिन्यात उभी होती. म्हणाली, तू लावलीस? देऊळ जवळ नको हे तुला माहीत होतं ना?

माहीत होतं. पण ते दुसऱ्यांच्या देवळाबद्दल होतं.

१४ फेब्रुवारी

जागा धुतली. दुसरं काही नाही.

३ मार्च

पक्का नियम आला. क्लाससाठी देवळाच्या अंतराची अट कायम. सोसायटीच्या कंपाउंडातल्या समाज हॉलला मात्र अट नाही. मितेशच्या पूनम सागरच्या कंपाउंडात गणपतीचं देऊळ आहे. संगमरवरी. कारंजं आहे. तिथे चालतं. आमच्या पत्र्याखालच्या टाइलला चालत नाही.

हरकत पाठवणार होतो. मुदत संपली. मसुद्यावर हरकती मागवत होते तेव्हा मी बोर्ड रंगवत होतो.

काकाला म्हटलं, कोर्टात जाऊ. काका म्हणाला, आदी बादली उचल.

१८ मार्च

क्लास पूनम सागरला गेला. हॉलच्या नावावर लायसन, त्यात ऋतिकाचा क्लास. टेम्पोत सामान मीच चढवलं. ओव्हन एकट्याने उचलला. तिने बघितलं नाही, ती मितेशच्या गाडीत पुढे गेली होती. जागा दाखवायला.

एकच गोष्ट सांगतो. ती अजूनही इथे येते. क्लास तिकडे गेला तरी सकाळी स्कूटी वळवून हाटकेशला येते, देवीसमोर डोळे मिटते. मी तिथे बादली घेऊन असतो. कुठली मुलगी एवढ्या लांबून नुसत्या टाइलसाठी येईल. देवीचं काम चालू आहे, मध्ये पडायचं नाही.

२१ एप्रिल, सकाळी

आली. पंजाबी ड्रेस, हातात नारळ आणि पाकीट. मला म्हणाली, गुणवंत, तूच फोड, तू इथला आहेस.

फोडला. एका फटक्यात.

मग तिने पाकीट देवीपुढे ठेवलं. पहिली पत्रिका देवाची असते, म्हणाली. वर हळदकुंकू लावलेलं. ऋतिका आणि मितेश. मी रोज हेच मागत होते रे. मितेशच्या मम्मी ऐकतच नव्हत्या. आणि बघ, पावली.

मी विचारलं, कशा ऐकल्या? आवाज बरा निघाला. ती म्हणाली, एकच अट घातली. घरात येणाऱ्या सुनेने दारूशी संबंध ठेवायचा नाही. म्हणून हॉलचं लायसन परत केलं. एवढंच ना? देऊन टाकलं.

एवढंच ना, असं म्हणाली. हसत.

म्हणाली, ही टाइल तू लावली नसतीस तर काय झालं असतं. मी म्हटलं, भिंत ओली राहिली असती. ती खूप हसली. माझ्या विनोदावर ती पहिल्यांदाच एवढी हसली. तो विनोद नव्हता.

पत्रिकेसोबत दुसरं पाकीट आमच्या घरासाठी होतं. वर लिहिलंय: धाकूकाका व परिवार.

१० मे, संध्याकाळी

जायचं नव्हतं. आई म्हणाली, बोलावलंय तर जावं, आणि काकाला घेऊन जा, त्याला रिक्षा मिळत नाही.

पूनम सागरचा हॉल. तोच. ज्या कोपऱ्यात लायसनची फ्रेम लावायला खिळा ठोकला होता तिथे आता फुलांचं तोरण. रिसेप्शनला ग्लास फिरत होते, लांब दांड्याचे, वाइनचेच. आत द्राक्षाचा रस. काकाने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाला, आपल्या हलदीत ह्यो दिला असता तर मानसा उठून गेली असती.

मी तीन ग्लास प्यायलो. काहीतरी प्यायला हवं होतं.

स्टेजवर मितेश म्हणाला, गुणवंतभाई, तुम्ही नसता तर हे झालंच नसतं. खरं बोलला. फोटो काढला. मी कडेला आलोय, अर्धा.

काकाला घरी सोडलं आणि चालत हाटकेशकडून वळलो. तीन ग्लास रस जाऊन जाऊन जाणार कुठे. देवळाच्या बाजूला नाही गेलो. भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, जिथे वर काही लावलेलं नाही. उभा राहिलो.

मागून रिक्षाचा हॉर्न वाजला. रामनाथ. म्हणाला, भाई, इस तरफ भी एक टाइल लगवा दो ना.

म्हटलं, लावतो. मान वळवली नाही.