गोल कोपऱ्यांच्या खिडक्या

प्रिय पप्पा,

तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी धड चार वाक्यं बोललो नाही, आणि आता पत्र लिहितोय! पण काल आईच्या मांडीला ओट्याचा कोपरा लागला. काळंनिळं झालंय. आणि तो कोपरा टोकदार मी ठेवलाय.

हँगरमध्ये आयुष्यभर विमानांचा पत्रा ठोकलात, तरी घरी आल्यावर हातात कानस असायचीच. टेबल, कपाट, देव्हारा, सगळ्यांचे कोपरे गोल! पाहुणे हसायचे. तुम्ही चहा थंड करून सांगायचात, "पहिल्या जेट विमानांच्या खिडक्या चौकोनी होत्या. वर गेलं की आतली हवा ढकलते, खाली आलं की सोडते. ताण कोपऱ्यात साचतो, तिथूनच तडा जातो. विमानं हवेत फुटली, माणसं गेली, तेव्हा खिडक्या गोल झाल्या, बंड्या!"

गच्चीवर नुसत्या आवाजावरून इंजिनं ओळखायचात. विमानांची इंजिनं चाराची दोन झाली तेव्हा खूश झालात आणि जेवलाच नाहीत. का हो? कॉकपिटातला तिसरा माणूसही गेला म्हणे, काट्यांवर नजर ठेवणारा. त्याचं पुढे काय झालं? असो, भरकटलो.

कंपनीच्या पासवर मला विमानाने दिल्लीला नेणार होतात. आदल्या दिवशी मी ठाण्याच्या खोपट डेपोतून एसटी पकडून गोव्याला गेलेलो. तुमच्या शेजारची खिडकीची सीट रिकामीच गेली ना? एकदा तरी ओरडायचं होतंत!

तुमच्यानंतर ओटा, टेबल, पलंग, सगळं नवं केलं. मिस्त्रीने विचारलेलं, "कोपरा गोल मारू का?" मी म्हटलं, "नको रे, सरळ ठेव. मॉडर्न दिसतो." मला पुन्हा भटकायला निघायची घाई होती.

आता आईला डाव्या बाजूचं दिसत नाही. ठाण्याला नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, एकटं सोडू नका. आठ महिने झाले. डोंबिवलीतल्या दोन खोल्या, ती आणि मी. पाणी प्यायला उठलो तरी विचारते, "कुठे चाललास रे?" मी ओरडतो. मग गप्प बसतो. मग परत ओरडतो. ढकलणं, सोडणं. कुठे साचतंय ते कळतंय, पप्पा, आणि भीती वाटते.

काल लेहच्या मित्राचा फोन आला, "हॉस्टेल सांभाळायला ये, सोमवारपर्यंत सांग." मी बॅग काढली. आईने पाहिली. माझ्यासाठी चहा टाकायला उठली, आणि ओट्याच्या कोपऱ्यावर आपटली.

आज तुमची कानस शोधली. ग्रॅनाइटवर नुसती घसरते हो! आई पलंगावरून म्हणाली, "त्याने काय होतंय? धार लावायचा दगड घे, पाणी लाव. ह्यांनी पायरी तशीच घासलेली."

"आधी नाही सांगायचं?"

"तू घरात होतास कधी?"

घासतोय. नखाएवढा गोल झालाय. मित्राला नाही म्हणून कळवलं.

कधीच जाणार नाही, असं वचन देत नाही. तुम्ही मला ओळखता. पण ती जिथे जिथे हात टेकते, तो प्रत्येक कोपरा गोल केल्याशिवाय बॅग भरणार नाही. घरात कोपरे किती आहेत, ते मुद्दाम मोजलेलं नाही.

तुमचा,
बंड्या