बरणी क्र. २१२ आणि माझी अडलेली कार्यमुक्ती

प्रति,
मा. संचालक,
प्राणी-नमुना संग्रहालय.

विषय : बरणी क्र. २१२ चे कुळ न ठरल्याने अडलेल्या कार्यमुक्तीबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे सहा अनुत्तरित अर्ज.

महोदय,

मी बरणी विभागाची रक्षक. निवृत्त होऊन सात महिने झाले, तरी रोज दहाला येऊन कपाटे उघडते, कारण पदभार कुळवार यादीप्रमाणेच द्यायचा असतो आणि यादी जुळत नाही.

२. उष्ण जंगलांतल्या लांबटांग्यांचे (दिसतात कोळ्यासारखे, पण जाळे विणत नाहीत) एक मोठे कुळ तज्ज्ञांनी गेल्या वर्षी मोडले, हे आपणांस विदित आहेच. त्यातील एक्केचाळीसपैकी चाळीस बरण्या इतर कुळांत नांदायला गेल्या. चिठ्ठ्या मीच बदलल्या. क्र. २१२ मागे राहिली. तीत एकच मादी आहे आणि या प्राण्यांचे कुळ नराच्या अवयवांवरून ठरते. तज्ज्ञसाहेबांनी भिंगातून पाहिले, मान हलवली आणि आधी नर आणा, म्हणाले.

३. ती ज्या जंगलातली, ते धरणाच्या पाण्याखाली जाऊन वीस वर्षे झाली. तसे आस्थापना शाखेस कळवताच 'नर मिळविण्याची जबाबदारी पदभार देणाऱ्याची' असा शेरा आला. महोदय, मला स्वतःसाठी कधी स्थळ शोधता आले नाही. हिच्यासाठी पाण्यात कुठे शोधू?

४. भांडारपालांनी सुचवले की बरणी हातून पडली असे लिहून मोकळे व्हा. ते मजकडून होणार नाही. चौतीस वर्षे तिला स्पिरिट घातले आहे. देवाच्या दारी कोणाला कुळ विचारत नाहीत, असे बुवा कीर्तनात सांगत. त्या दारी यादी नसावी.

५. आईमागे मला वाढवणारी थोरली बहीण परगावी अंथरुणाला खिळली आहे. उजवी बाजू गेली. शेजारीण भरवते, पण ती महिनाअखेरीस मुलाकडे जाणार. रजा मागितली, तर निवृत्तास रजा नसते असे समजले. किल्ल्या टेबलावर ठेवून गेले, तर गहाळ केल्याचा ठपका. फोनवर हे सारे सांगितले तेव्हा ताई म्हणाली, "त्या बयेला नवरा मिळेपर्यंत मी जीव धरून राहू का गं?" आणि हसली.

६. तरी कार्यमुक्ती शक्य नसल्यास ताईला बरण्यांच्या खोलीत राहू द्यावे. कपाट नऊ व दहा यांमध्ये सहा फूट दोन इंच जागा आहे. खाट सहा फुटी. खिडकी नाही, स्पिरिटचा वास येतो, ते चालेल का, हे तिला विचारून घेतले आहे. उत्तर न आल्यास होकार समजून तिला तीस तारखेला आणीन. दार अरुंद आहे. शिपायास एक झडप काढून ठेवण्यास सांगावे, ही विनंती.

किल्ल्यांसह आपल्या उत्तराची वाट पाहणारी,
आपली नम्र,
रक्षक, बरणी विभाग
(निवृत्त, कार्यमुक्त नाही)

दिनांक : १४ नोव्हेंबर

सोबत :
१) खाटेची मापे.
२) ताईची संमती. उजवा हात चालत नसल्याने अंगठा डावा आहे, तो ग्राह्य धरावा.