सहा हक्क, वीस हजार हिवाळे

१ डिसेंबर, सकाळी ९
नवी वही. संकल्प: रोज दोन ओळी, मुद्देसूद.
आमच्या काचेच्या कारखान्याचा गॅसवाल्यांशी करार झाला. फेब्रुवारीअखेरपर्यंत कोणत्याही सहा दिवशी जादा गॅस ठरलेल्या भावात, म्हणजे सहा हक्क. दिवसाला एकच हक्क. बाजारभाव चढेल तेव्हा वापरायचा. पण आज वापरावा की उद्यासाठी राखावा? हे गणिताचं काम. म्हणजे माझं.
साहेबांना म्हटलं, दहा हजार काल्पनिक हिवाळ्यांचे भाव कॉम्प्युटरवर चालवून बघतो. त्यांनी चष्मा काढून पुसला. भारावले असावेत.

४ डिसेंबर
खरेदीतल्या बाई म्हणाल्या, भाव डोळ्यांत भरेल इतका चढला की गॅसवाल्यांना फोन करायचा, झालं. त्यांना समजावलं: आजचा फायदा आणि हक्क राखून ठेवण्याची किंमत रोज तोलावी लागते. शिवाय हातात सहा असताना ही किंमत वेगळी, शेवटचा उरला की वेगळी. त्यांनी चहा संपवला, बरं म्हणाल्या. बिचाऱ्या.

१९ डिसेंबर
हिवाळ्यांचं मॉडेल चाललं! अडचण किरकोळ. आजचं उत्तर उद्या दुपारी येतं.

२० डिसेंबर, दुपारी ३
उत्तर आलं: काल हक्क वापरायला हवा होता. अचूक. काल भाव खरंच भडकला होता.

२ जानेवारी
संकल्प: वेग वाढवणे. हिवाळे पाच हजारांवर आणले. मग वाटलं, तडजोड नको. वीस हजार केले. आता उत्तर दोन दिवसांनी येतं, पण काय बारकाई!
बायकोने विचारलं, किती वापरलेस? अभिमानाने सांगितलं, सहाच्या सहा शाबूत. ती म्हणाली, "अरे, ते वापरायलाच दिलेत ना?"
तिला आकृती काढून दाखवली. तोवर ती झोपली.

१७ जानेवारी
कडाक्याची थंडी. गॅस कमी पडून भट्टी विझली, तर आतली काच थिजून भट्टीच निकामी. बोलणी खायच्या तयारीने भट्टीवर गेलो. मिस्त्री म्हणाले, गॅस भरपूर आहे, काही काळजी नाही. बघा, संयमाने किती साधतं.
साहेब म्हणाले, तुमचं निवांत चालू द्या. एवढा विश्वास!

२६ फेब्रुवारी
तीन दिवस उरले. हक्क सहा. दिवसाला एक. म्हणजे तीन बुडणारच.
एवढं कळायला कॉम्प्युटर लागला नाही. दुपारी डबा उघडला नाही.

२७ फेब्रुवारी
माफीपत्राचा मसुदा. सगळा दोष बाजारावर. मग फाडला. उद्या तोंडी कबूल करणार.

२८ फेब्रुवारी, सकाळी ११
कबूल केलं. साहेबांच्या केबिनमध्ये खरेदीतल्या बाईही होत्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.
बाई शांतपणे म्हणाल्या, "हक्क उरलेत कुठे? सहाही जानेवारीतच संपले. भाव चढला की मी फोन करत होते."
मला का सांगितलं नाही, विचारलं. साहेब म्हणाले, तुम्ही इतके रमला होतात, तुमचा हिरमोड करवेना.
म्हणजे महिनाभर मी नसलेल्या हक्कांची किंमत काढत होतो. राग यायला हवा होता. आधी हायसं वाटलं, भट्टी वाचली म्हणून. मग लाज.
साहेबांनी एवढंच विचारलं, तो कॉम्प्युटर आता बंद केला तर चालेल का? खोली फार तापते.
बंद करायला गेलो. पडद्यावर परवाचं उत्तर नुकतंच आलं होतं: थांबा, घाई नको.